वाचकांचे प्रश्न: भातखाचरातला मिथेन येतो कुठून?

मागच्या अंकात एक ओळ येऊन गेली होती, की पाणी साठवलेली भातखाचरं हा माणसाच्या उद्योगातून होणाऱ्या मिथेनचा, म्हणजे हवा तापवणाऱ्या एका गॅसचा, एक मोठा सोर्स आहे. एवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलले. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि भाषा थोडी आटोपशीर केलीय, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: भात हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून वाढतो, मग तोच भात मिथेन सोडतो हे कसं काय? गाय ढेकर देते ते समजतं, पण रोप?

रोप मिथेन बनवत नाही, हे आधी बाजूला काढू. मिथेन बनतो खाली चिखलात आणि तो बनवतात मिथॅनोजेन नावाचे सूक्ष्मजीव. सवयीने त्यांना सगळे बॅक्टेरिया म्हणतात पण ते बॅक्टेरिया नाहीत, ती आर्किया नावाची अगदी वेगळी शाखा आहे, १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी आरएनए ताडून पाहिले तेव्हा हे मिथेनवाले बाकी कुठल्याच बॅक्टेरियाशी जुळेनात आणि तिथून ही शाखा वेगळी धरायला सुरुवात झाली.

आता हे चिखलातच का माजतात ते बघू. कोरड्या मातीत कणांच्या मधल्या फटींत हवा खेळती असते. पाणी भरलं की त्या फटी पाण्याने भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने जवळजवळ दहा हजार पट हळू सरकतो. त्यात भाताला आपण मुद्दाम चिखलणी करतो, पाणी खाली झिरपू नये म्हणून मातीची घडण मोडून टाकतो, त्यामुळे वरून हवा आत शिरायचा रस्ता अजूनच बंद. मातीतले जीव मात्र श्वास घ्यायचे काही थांबत नाहीत. मग आत जो काही ऑक्सिजन अडकलेला असतो तो एक-दोन दिवसांत, उन्हाळी गरम मातीत तर काही तासांतच, फस्त. वरचा काही मिलिमीटरचा पातळ थर आणि मुळांच्या अगदी लगतची माती सोडली तर खाली ऑक्सिजन म्हणून काही उरत नाही.

ऑक्सिजन संपला म्हणून कुजणं थांबत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. कुजणं म्हणजे केमिस्ट्रीच्या नजरेने बघितलं तर कार्बनवाल्या पदार्थातले इलेक्ट्रॉन काढायचे आणि ते कुणाच्या तरी गळ्यात मारायचे. ह्या देण्याघेण्यात जी एनर्जी सुटते त्यावर सूक्ष्मजीव जगतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन घेणारं गिऱ्हाईक हे लागतंच. सगळ्यात चढा भाव देणारं गिऱ्हाईक म्हणजे ऑक्सिजन. तो गेला की नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, प्रत्येकाचा भाव आधीच्यापेक्षा कमी. रांगेत सगळ्यात शेवटी, भाव जवळपास नसल्यातच जमा असलेला, कार्बन स्वतः. म्हणजे काही कार्बन इलेक्ट्रॉन देतो आणि काही कार्बन ते घेतो, देणारा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो आणि घेणारा मिथेन होतो. बस, एवढंच आहे. मिथेन म्हणजे बाकी सगळी गिऱ्हाइकं संपल्यावर उरलेला सौदा. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ह्या रांगेतच सापडणार आहे.

मिथॅनोजेन खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. पेंढा, मुळं, धसकटं असलं काही त्यांना थेट खाता येत नाही. आधी दुसरे जीव सेल्युलोज तोडून साखर करतात, त्या साखरेचं आंबवून वेगवेगळी आम्लं, अल्कोहोल, हायड्रोजन करतात, मग अजून काही जीव त्या आम्लांचं अ‍ॅसिटेट करतात (अ‍ॅसिटेट म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल), आणि शेवटी मिथॅनोजेन येऊन अ‍ॅसिटेट नाहीतर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडची जोडी उचलतात. साधारण हिशोब असा की दोन तृतीयांश मिथेन अ‍ॅसिटेटपासून आणि एक तृतीयांश हायड्रोजनपासून. मधल्या फळीतले जीव आणि मिथॅनोजेन एकमेकांवाचून जगूच शकत नाहीत, कारण हायड्रोजन साचत गेला तर आम्लं तोडणाऱ्यांचं काम तिथेच अडतं, मिथॅनोजेननी तो सतत उचलला तरच त्यांना त्यात एनर्जी सुटते.

आणि ह्या सगळ्या खटाटोपात मिळतं किती, तर ग्लुकोज ऑक्सिजनवर पूर्ण जाळलं तर मोलमागे साधारण २८७० किलोज्यूल मिळतात, तेच मिथेनच्या वाटेने गेलं तर ४०० च्या आसपास, तेही सगळ्या साखळीने वाटून घ्यायचे. उरलेली एनर्जी गेली कुठे? मिथेनमध्येच बसलीय, म्हणूनच तो जळतो. गोबरगॅसच्या टाकीत चालतं ते हेच, फक्त तिथे आपण मुद्दाम झाकण लावतो.

प्रश्न: म्हणजे पाणी भरल्या दिवसापासून गॅस सुरू?

नाही. रांग संपायला वेळ लागतो. नायट्रेट दोन-चार दिवसांत जातं, तसंही भातखाचरात ते फार नसतं. मँगनीज बऱ्याच जमिनींत थोडंच. खरा मोठा साठा असतो लोहाचा, ज्याच्यामुळे माती तांबूस-पिवळी दिसते ते गंजलेलं लोह. ते इलेक्ट्रॉन घेऊन विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मातीचा रंग बदलतो, वरून तपकिरी दिसणारा चिखल हाताने उकरला की आत राखाडी, निळसर करडा. हा रंग दिसला म्हणजे लोह खर्ची पडलंय असं समजा. उलट भाताचं मूळ उपटून बघितलं तर त्याच्यावर गंजाचा तांबडा लेप असतो, कारण मूळ स्वतःपुरता ऑक्सिजन बाहेर सोडत असतं आणि तिथे आलेलं विरघळलेलं लोह परत गंजतं.

हे सगळं मोजायचं तर मातीत इलेक्ट्रोड खुपसून रेडॉक्स पोटेन्शियल बघतात, म्हणजे रांग कुठपर्यंत आलीय ते सांगणारं व्होल्टेज. हवेशीर मातीत ते अधिक ४००-५०० मिलिव्होल्ट वगैरे असतं, ते घसरत घसरत उणे १५० च्या खाली गेलं की मिथेन जोमाने सुटायला लागतो. लोह भरपूर असलेल्या जमिनीत ह्याला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि लोह कमी, त्यात ताजा पाला-पेंढा भरपूर असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत काम सुरू. म्हणून शेजारशेजारच्या दोन जमिनी, सारखंच पाणी, सारखंच वाण, आणि मिथेनचा आकडा मात्र दुप्पट-तिप्पट वेगळा, असं खुशाल होतं. खाऱ्या, सल्फेट जास्त असलेल्या जमिनीतही मिथेन कमी, कारण तिथे सल्फेटचं गिऱ्हाईक बराच काळ रांगेत उभं असतं.

प्रश्न: चिखलात पाय टाकला की बुडबुडे येतात आणि कुजका वास येतो, तोच मिथेन का?

बुडबुड्यात मिथेन असतो, हो. वास त्याचा नाही, मिथेनला वासच नसतो. अंडं कुजल्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सल्फेटच्या पायरीवरचा माल. दलदलीतला हा बुडबुड्यांचा गॅस काठीने ढवळून बाटलीत गोळा करून तो जळतो हे १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे तलावावर दाखवलं, बॅटरीवाला तोच हा व्होल्टा.

प्रश्न: मग सगळा गॅस बुडबुड्यांनीच वर येतो का? खाचरात एरवी तर काही हलताना दिसत नाही.

तीन वाटा आहेत. एक बुडबुडे, दुसरी पाण्यात विरघळून हळूहळू वर येणं, आणि तिसरी, जी सगळ्यात मोठी निघाली आणि जिच्यामुळे पहिल्या प्रश्नातला गोंधळ होतो, ती म्हणजे खुद्द भाताचं रोप. भाताची मुळं ऑक्सिजन नसलेल्या चिखलात राहतात, त्यांना श्वास घ्यायला हवा वरून यावी लागते, त्यासाठी रोपाच्या पानापासून मुळापर्यंत आत पोकळ हवेच्या वाटा असतात, एरेन्कायमा म्हणतात त्याला. ह्याच वाटेने वरून ऑक्सिजन खाली जातो आणि खालून मिथेन वर येतो. रोपं चांगली वाढलेली असताना एकूण मिथेनपैकी ९० टक्क्यांपर्यंत गॅस ह्या मार्गाने बाहेर पडतो. पुष्कळांना वाटतं की तो पानांच्या रंध्रांतून निघत असणार, पण जपानी संशोधकांनी १९९० च्या सुमारास तपासलं तर तो मुख्यतः खाली, पानाचा जो भाग खोडाला गुंडाळलेला असतो तिथल्या बारीक छिद्रांतून निघतो. रंध्रं उघडी आहेत की बंद ह्याचा फारसा फरक पडत नाही.

म्हणजे रोप मिथेन बनवत नाही, पण त्याला बाहेर काढायची सोय करतं. वर त्याला खाद्यही पुरवतं. मुळं सतत साखर, आम्लं असं काहीबाही मातीत सोडत असतात, जुन्या बारीक मुळ्या मरून कुजत असतात. खुणेचा कार्बन दिलेल्या रोपांवर प्रयोग झालेत, पानाने आज घेतलेला कार्बन काही तासांत ते काही दिवसांत मिथेन होऊन बाहेर पडताना दिसतो. हंगामाच्या सुरुवातीचा मिथेन जास्त करून आधीच्या पिकाच्या पेंढ्याचा-धसकटांचा, फुटवे वाढून लोंबी धरण्याच्या काळातला मात्र मोठ्या प्रमाणात चालू पिकाच्याच मुळांचा.

अजून एक पार्टी आहे जिचं नाव कुणी घेत नाही. मिथेन खाणारे बॅक्टेरिया, मिथॅनोट्रॉफ. पाण्याखालच्या मातीचा वरचा पातळ थर आणि मुळांच्या लगतची जागा, जिथे थोडा ऑक्सिजन असतो, तिथे हे बसलेले असतात आणि वर जाणाऱ्या मिथेनमधला बराच वाटा वाटेतच खाऊन टाकतात. आपण मोजतो तो ह्यांच्या हातून निसटलेला. रोपातून जाणारा गॅस त्यांना चुकवून जातो म्हणून तर ती वाट एवढी महत्त्वाची.

प्रश्न: मग पाणीच काढून टाकलं तर? भात पाण्यातच उभा राहिला पाहिजे असं थोडंच आहे? (हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता.)

थोडंच आहे, बरोबर. भात पाणी सहन करतो, चोवीस तास पाण्यातच हवं असा त्याचा हट्ट नाही. पाणी साठवण्याचं एक मोठं कारण तण दबून राहतं हे आहे. हंगामाच्या मध्ये एकदा पाणी सोडून जमीन सुकू द्यायची ही पद्धत चीन आणि जपानमध्ये कधीची चालू आहे, मिथेनचा विचार करून नाही तर वांझ फुटवे आवरावेत, मुळं मजबूत व्हावीत म्हणून.

ह्याच्याच पुढची पायरी म्हणजे फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, म्हणजे इरीने, रुळवलेली आलटून पालटून ओलं-कोरडं करण्याची पद्धत. भोकं पाडलेला एक पाइप खाचरात उभा पुरायचा, आतली माती काढून टाकायची आणि आतल्या पाण्याची पातळी बघायची. वरचं पाणी आटून जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत गेलं की परत ५ सेंटीमीटर पाणी द्यायचं. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी हे सुरू करायचं, आणि फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मात्र पाणी हलू द्यायचं नाही कारण तेव्हा ताण पडला तर दाणे भरत नाहीत. एवढं पाळलं तर उत्पन्न सहसा पडत नाही, पाणी वाचतं. मिथेनचं म्हणाल तर हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, आयपीसीसीच्या, २०१९ च्या सुधारित हिशोबात सतत भरलेलं खाचर १ धरलं तर हंगामात एकदा सुकवलेलं ०.७१ आणि अनेकदा सुकवलेलं ०.५५.

आता हे इतकं का चालतं, ते नीट सांगतो कारण इथे बहुतेक ठिकाणी चुकीचं कारण दिलेलं असतं. नेहमी असं सांगतात की हवा लागली की मिथॅनोजेन मरतात. ऑक्सिजन त्यांना मानवत नाही हे खरं, काम बंद पडतं, पण मरून नामशेष होत नाहीत, कोरड्या मातीत महिनोन् महिने तग धरून बसतात आणि पाणी आलं की उठतात, नाहीतर दर वर्षी उन्हाळ्यात वाळणाऱ्या खाचरात दर हंगामाला ते परत कुठून येणार होते? खरा फरक पडतो तो लोहामुळे. चार-सहा दिवस माती सुकली, बारीक भेगा पडून हवा आत गेली, की विरघळलेलं लोह परत गंजतं. सल्फाइडचं परत सल्फेट होतं. म्हणजे रांगेतली संपलेली गिऱ्हाइकं पुन्हा हजर. मग तुम्ही परत पाणी भरलं तरी मिथेनला लगेच नंबर लागत नाही, आधी हे सगळं लोह परत खर्ची पडायला हवं, आणि अ‍ॅसिटेट, हायड्रोजन जे काही तयार होतंय ते लोहवाले जीव आधी पळवतात, त्यांना त्यात जास्त एनर्जी सुटत असल्यामुळे ते इतक्या खालच्या प्रमाणापर्यंत हायड्रोजन ओढून घेतात की मिथॅनोजेनला उचलायला काही उरत नाही. म्हणून दोन-चार दिवसांच्या सुकवणीचा परिणाम पाणी परत भरल्यावरही दिवसच्या दिवस टिकतो. नुसतं वरचं पाणी आटवून माती ओलीचिंब ठेवली तर मात्र हे होत नाही. वर पाणी दिसत नाही म्हणून आपण खूष, खाली हवा गेलेलीच नसते.

ह्याची दुसरी बाजू नायट्रस ऑक्साइड. माती कधी ओली कधी कोरडी व्हायला लागली की नायट्रोजनच्या देवघेवीत हा गॅस सुटतो, आणि तो वजनाला वजन घेतलं तर १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, मिथेन २७ पट. म्हणजे मिथेन वाचवायला गेलो आणि हे वाढवून बसलो असं होऊ शकतं. बहुतेक मोजण्यांत मिथेनची बचत भारी पडते, पण युरिया टाकला आणि लगेच जमीन सुकवायला सोडली, असं करू नये, खत देताना पाण्याची वेळ जुळवावी. मातीत आर्सेनिक असेल तिथे सुकवणीचा फायदाच, दाण्यात ते कमी उतरतं, कारण गंजलेलं लोह आर्सेनिकला धरून ठेवतं. कॅडमियमचं नेमकं उलट, सुकवलं की ते जास्त उतरतं. म्हणजे एकच उपाय सगळ्या जमिनींना डोळे मिटून लावता येत नाही.

माझं मत विचाराल तर अडचण सायन्सची नाहीच. धो धो पावसात खाचर सुकवणार कसं? खालच्या अंगाला असलेल्या खाचरातलं पाणी सोडायचं कुठे? आणि जिथे पाणीपट्टी क्षेत्रावर आकारतात, वापरलेल्या पाण्यावर नाही, तिथे शेतकऱ्याने पाळी चुकवायची जोखीम का घ्यावी, पुढचं पाणी वेळेवर येईल ह्याची खात्री कोण देणार? पंपाने पाणी उपसणाऱ्याला डिझेल वाचतं, तो लगेच तयार होतो. हे न बघता पाइप वाटून आणि कार्बन क्रेडिटचे फॉर्म भरून काम झालं असं समजणाऱ्यांवर माझा तरी फार विश्वास नाही, सुकवणी खरंच झाली की नुसता पाइप उभा आहे हे कुणीतरी बघायला नको का.

प्रश्न: आम्ही पेंढा जाळत नाही, जमिनीतच गाडतो. आता म्हणता त्याने मिथेन वाढतो. मग करायचं काय?

जाळू नका हे आधी. आणि गाडणं चूक नाही, वेळ महत्त्वाची. ताजा पेंढा चिखलणीच्या तोंडावर गाडून वर पाणी भरलं तर सगळं खाद्य थेट ऑक्सिजन नसलेल्या साखळीच्या पुढ्यात पडतं. तोच पेंढा महिनाभराहून आधी, जमीन कोरडी असताना मिसळला तर त्यातला पटकन कुजणारा भाग हवेत कुजून कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. आयपीसीसीचं सूत्र वापरून बघू: हेक्टरी ५ टन पेंढा लागवडीच्या तोंडावर गाडला तर मिथेन बिनपेंढ्याच्या खाचराच्या जवळजवळ २.९ पट, तोच महिन्याहून आधी गाडला तर सुमारे दीडपट. फरक बघा, पेंढा तेवढाच, खर्च तोच. चांगलं कुजलेलं शेणखत, कंपोस्ट हेही असंच, जेवढं आधी कुजलेलं तेवढं बरं. हिरवळीचं खत मात्र ताजंच गाडायचं असतं त्यामुळे त्याच्यात मिथेन वाढतोच, ते मान्य करून बाकीच्या गोष्टी, म्हणजे पाणी, नीट बघायच्या. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट दिलं तर त्यातल्या सल्फेटमुळे थोडा फरक पडतो, पण फक्त त्यासाठी ते घ्या असं मी म्हणणार नाही.

प्रश्न: एवढा आरडाओरडा करण्याइतका हा आकडा मोठा आहे का?

माणसामुळे होणाऱ्या जगातल्या मिथेनमध्ये भाताचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास धरतात. गुरं आणि तेल-गॅस-कोळसा हे त्याच्या कितीतरी पुढे. हवेत मिथेन कारखानदारीच्या आधी अब्जात ७२०-७३० भाग होता, आता १९०० च्या वर गेलाय. तो हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो, कार्बन डायऑक्साइडसारखा शतकानुशतकं राहत नाही, म्हणून आज कमी केला तर परिणाम आपल्या हयातीत दिसतो, आणि एवढी चर्चा आहे ती त्यामुळेच.

पण देशवार आकड्यांकडे जरा सावधपणे बघा. भारताचं उदाहरण ह्यात गाजलेलं आहे. १९९० च्या सुमारास भारतातल्या भातखाचरांवर वर्षाला ३७ दशलक्ष टनांच्या वर मिथेनचा एक अमेरिकी अंदाज लावला गेला होता, जणू देशभर सगळीकडे बारा महिने पाणी तुंबलेलंच असतं. मग १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, देशभर प्रत्यक्ष खाचरांत मोजणी झाली आणि आकडा निघाला ४ दशलक्ष टनांच्या आसपास. कारणं आपण वर बघितलीच आहेत, बरंचसं भातक्षेत्र पावसावरचं, मध्येमध्ये सुकणारं, आणि मातीत सेंद्रिय कार्बन बेताचा. दुसऱ्या देशातल्या खाचराचा आकडा उचलून क्षेत्रफळाने गुणला की असंच होणार.

भात खाणं सोडावं का असं दोघांनी विचारलंय. नको. पाण्याची पाळी बदलून निम्म्यापर्यंत कमी होणाऱ्या गोष्टीसाठी पीकच कशाला बदलायचं.

प्रश्न: गोबरगॅससारखा हा गॅस गोळा करून वापरता नाही का येणार?

हिशोब करून बघा. सतत पाणी असलेल्या खाचरातून, बाहेरून पेंढा वगैरे न घालता, आयपीसीसीचा सरासरी आकडा हेक्टरी दिवसाला १.१९ किलो मिथेन. एका चौरस मीटरमागे दिवसाला ०.१२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम १८० मिलिलिटर गॅस, तोही हवेत मिसळलेला. हेक्टरभर झाकण घालून एवढासा गॅस पकडायचा आणि वर पिकाला ऊन पण द्यायचं, नाही जमणार. तापमानवाढीच्या बाजूने बघितलं तर मात्र तेवढाच आकडा १२० दिवसांत हेक्टरी १४० किलोच्या वर जातो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात पावणेचार टनांच्या पुढे.

प्रश्न: कमी मिथेनवालं वाण नाही का आलं अजून?

वाणावाणांत फरक असतोच. लवकर येणारं वाण पाण्यात कमी दिवस उभं राहतं, तेवढा मिथेन कमी. ज्याचं अन्न मुळांकडून मातीत जास्त झिरपतं त्याचा जास्त. ह्याच कल्पनेवर २०१५ मध्ये बार्लीतला एक जीन भातात घालून केलेलं रोप जाहीर झालं होतं, त्यात स्टार्च दाण्यात आणि खोडात जास्त वळवलेला, मुळांकडे कमी, आणि मिथेन बराच खाली आला होता. पण ते जनुक बदललेलं रोप. तोपर्यंत चिखलणी न करता थेट पेरलेला भात हा एक पर्याय आहे, सुरुवातीचे बरेच दिवस जमीन हवेशीर राहते, फक्त तणाचा बंदोबस्त आधी करून ठेवा.